पेलाभर पाणी

आवाजाने घात केला. चेहरा तिने ओळखला नसता. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, डोळे तपासायच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या नाकावर ताई ती जड गोल चौकट बसवत होती. एका डोळ्यावर काळी झाकणी लावून झाली होती, आणि रोज शंभरदा म्हणते तसंच ती आताही म्हणाली होती, "समोर बघा. काय काय दिसतंय ते सांगा." त्यावर बाई हसल्या. म्हणाल्या, "गंमत आहे. हे तर मी लोकांना सांगते." एवढंच. पण त्या 'सांगते'चा शेवटी किंचित खाली टेकणारा सूर ताईच्या कानात शिरला आणि तिच्या हातातली काच निसटली. फुटली नाही. तपासणीच्या काचा धातूच्या कड्यात बसवलेल्या असतात, पडल्या तरी फुटत नाहीत, गडगडत जाऊन कपाटाखाली दडतात. ती शोधायला ताई गुडघ्यांवर बसली, आणि काच हाताला लागल्यावरही गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ कपाटाखाली हात घालून राहिली.

म्हणायला गेलं तर ह्या बाईंशी तिची भेट एकदाच झाली होती, तीही दारात, उभ्याउभ्या. आवाज मात्र तिने रोज ऐकला होता, बंद दाराच्या अलीकडे उभं राहून. 'डोळे मिटा. आता तुम्ही कुठे आहात? काय दिसतंय? हातात काय आहे? पुढे काय होतं?' प्रत्येक प्रश्नानंतर बाई थांबायच्या. कुणाला थांबणं शिकायचं असेल तर त्यांच्याकडून शिकावं. ताईला ती कला कधी आली नाही. दुकानात गिऱ्हाईक अक्षरं वाचताना अडखळलं की ती पुढचं अक्षर सुचवायची आणि मालक बाहेरून ओरडायचे, "अहो, परीक्षा त्यांची आहे, तुमची नाही." पण ताईला ते बघवायचंच नाही. माणसं स्वतःच्या डोळ्यांशीसुद्धा खोटं बोलतात, हे तिने इतक्या वर्षांत पाहिलं होतं. 'हे बरं, की आधीचं बरं?' असं विचारलं की खरं काय दिसतं ते राहतं बाजूला, समोरच्याला काय आवडेल ते सांगतात. बिचारी पास व्हायला धडपडतात. अशा वेळी थोडी मदत केली तर कुणाचं काय बिघडलं, असं तिचं साधं म्हणणं असायचं.

"सापडली का?" बाईंनी विचारलं. त्यांचा एक डोळा झाकलेला, दुसऱ्यासमोर रिकामी चौकट. "सापडली," ताई म्हणाली, उठली, काच पुसली, पुन्हा पुसली. बाईंचे केस पांढरे झाले होते. तेव्हा काळेभोर होते, आणि अंगावर नव्या नोकरीचा टवटवीतपणा होता. आता त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. वय कुणाला सोडत नाही, मनातलं जाणणाऱ्यांनाही नाही, हे एरवी ताईने दुकानातल्या सगळ्यांना रंगवून सांगितलं असतं. आज तिच्या तोंडाला कोरड पडली. ह्या बाईंनी आपल्याला ओळखलं तर विचारतील. आणि विचारलं तर काय सांगायचं? धाकटा भाऊ बरा आहे म्हणून सांगायचं, की नाही म्हणून?

धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. लहानपणापासून त्याला वस्तू उघडून बघायचं वेड. घरातलं एकही घड्याळ त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं, आणि आई म्हणायची, हा जन्मला तेव्हाच ह्याच्या मुठीत पेचकस होता, सुईणीला तो दिसला नाही एवढंच. कामावर त्याला जोडीदार मिळाला तो वयाने जवळपास दुप्पट, ज्याला सगळे काका म्हणत. काका खरं तर कुणाचेच काका नव्हते. ना बायको, ना पोर, एका पिशवीत मावेल एवढा संसार. पण धाकट्याला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं. दोघांची रीत ठरलेली होती. एक जण वर, गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत. दुसरा खाली त्या काळोख्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर उभा. मोटार बंद ठेवायची, आणि लिफ्ट जराशी हलवायची असली की वरच्याने ब्रेक हाताने सैल करायचा. बोलायचं फक्त दोन शब्दांत. 'सोड' म्हटलं की सोडायचा, 'धर' म्हटलं की धरायचा. मध्ये 'अरे' नाही, 'जरा' नाही, थट्टा तर नाहीच नाही. "कामात गप्पा मारणारा एक दिवस कायमचा वर जातो," असं काका म्हणत, आणि जेवायला बसले की सकाळपासून साठलेल्या सगळ्या गप्पा एका दमात बाहेर काढत. एकदोनदा घरीही आले होते. ताईचा जुना चष्मा बघून म्हणाले होते, "दुकान चष्म्याचं आणि हिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली! सोनाराच्या घरी कान बुच्चे, म्हणतात ते हेच." तिने त्यांना चहा दुसऱ्यांदा दिला नव्हता, रागाने. पुढे तो न दिलेला चहा तिला फार छळायचा.

त्या दिवशी काका टपावर होते आणि धाकटा वर. 'सोड' आलं, त्याने सोडला. मग 'धर' आलं, आणि त्याने धरला, असं चौकशीला आलेली माणसं म्हणाली. ब्रेकचा लायनर झिजून लोखंडाला लोखंड लागलं होतं, दहा जणांनी मिळून धरला असता तरी तो थांबला नसता, असंही म्हणाली. रिकामी लिफ्ट सुटली की खाली पडत नाही. तिच्या जोडीचं वजन तिच्याहून जड असतं, म्हणून ती वर धावते. ताईला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि हे ज्ञान आपल्याला मरेपर्यंत झालं नसतं तर किती बरं झालं असतं असं तिला वाटलं. काका आणि वरचं छत ह्यांच्या मध्ये जागा उरली नाही. धाकट्याला मात्र आठवत होतं ते एवढंच: 'सोड', आणि स्वतःचा हात. 'धर' त्याला आठवत नव्हतं, आपण धरलं हे आठवत नव्हतं. चौकशीचा निकाल त्याला तोंडपाठ होता. विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवायचा, आणि म्हणून झाल्यावर म्हणायचा, "पण सोडला मीच ना." झोपला तर बसून झोपायचा, पाठ भिंतीला लावून. दाराची घंटा वाजली की दचकून पाय वर घ्यायचा. उजवा हात तो खिशातच ठेवायला लागला. आणि घरातून तो शब्दच गेला. गाठ 'काढ' म्हणायचं, विषय 'जाऊ दे' म्हणायचं, नळ 'चालू कर'. एका साध्या क्रियापदाशिवाय संसार किती आडवाटेने करावा लागतो हे ज्याने केलं त्यालाच कळेल.

कंपनीनेच त्याला ह्या मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं, अपघाताला महिना व्हायच्या आत. पहिल्या खेपेला ताई सोबत गेली होती. तेव्हाच ती दारातली भेट. "तुम्ही ताई ना?" बाई म्हणाल्या, "मग सगळ्यात कठीण काम तुमचं." ताईला ते आवडलं होतं. कठीण काम आपलं असतंच, हे निदान कुणाच्या तरी ध्यानात आलं. मग बाईंनी समजावून सांगितलं होतं. अशा प्रसंगातून गेलेल्या सगळ्यांना उपचार लागत नाहीत, बरेच जण आपले आपण सावरतात, त्यांना उगाच बोलतं करू नये. धाकट्याचं मात्र तसं दिसत नव्हतं. झोप नाही, सारखं तेच समोर. पण लवकर आला होता, ही जमेची बाजू. इथे तो डोळे मिटून सगळं सांगणार, आता घडतंय असं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ते रेकॉर्ड होणार. तो छोटा रेकॉर्डर घरी न्यायचा आणि रोज बसून ऐकायचं. "त्यांना घाम येईल, रडू येईल, कदाचित ओरडतीलही," बाई म्हणाल्या होत्या. "तो त्रास चढतो आणि मग आपोआप उतरतो. पण उतरेपर्यंत तिथे बसावं लागतं. ऐन चढावर बंद केलं, तर मन एवढंच शिकतं की हे खरंच सोसण्यापलीकडचं आहे. म्हणून तुम्ही मध्ये जाऊ नका. आत काहीही होवो." आणि ताईने मान हलवली होती. "अहो, त्यात काय. नाही जाणार." मान हलवायला काय लागतं?

घरी ऐकायच्या पहिल्या दिवशी ती खरोखरच गेली नाही, निदान बराच वेळ. दाराबाहेर उभी राहिली, ओट्याचं फडकं हातात पिळत. आतून रेकॉर्डरमधला बाईंचा आवाज, मागोमाग धाकट्याचा. किती चमत्कारिक वाटलं होतं ते, धाकटा आत गप्प बसलेला आणि धाकटाच बोलत असलेला. 'मी मोटारीच्या खोलीत आहे. ग्रीसचा वास येतोय. खिडकीत कबुतराचं घरटं आहे. काका म्हणाले होते त्याला हात लावू नकोस.' मग जरा अडखळत, 'काका खालून हाक मारतात. मी हात ब्रेकवर ठेवतो. काका म्हणतात, सोड.' आणि तिथे आतला जिवंत धाकटा रडायला लागला. मोठ्या माणसासारखा नाही. लहानपणी अंगणात सायकलवरून पडला होता, तसा. घशातून, श्वास न घेता.

आता त्यांच्या घरात आईचा एक नियम होता. रडणाऱ्याला आधी पाणी, मग चौकशी. गुडघा फुटलेला असो, परीक्षेत नापास झालेला असो, की भांडून आलेला असो, आधी पेलाभर पाणी. ते पूर्ण प्यायचं, मग बोलायचं. आई कामाला जायची तेव्हा तो नियम पाळायचं काम ताईकडे होतं. धाकट्याच्या सगळ्या रडण्यांवर तिने पाणी घातलं होतं. त्यामुळे तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. पाय माठाकडे गेले, हाताने पेला भरला, आणि खांद्याने दार ढकललं गेलं. धाकट्याने वर बघितलं. त्याचा चेहरा ओला होता आणि त्याच्यावर सुटल्याचा आनंद होता, कुणीतरी आलं म्हणून झालेला. त्याने रेकॉर्डरची कळ दाबली. बाईंचा आवाज 'पुढे काय'वरच तुटला. तो घटाघटा पाणी प्यायला. "बरं वाटलं?" "हं." आणि ताईलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्याच्याहून जास्त बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःला बजावलं, आज नाही, आणि त्या 'आज नाही'चा निभाव 'सोड'पर्यंत लागला. मग तिने बजावणं सोडून दिलं आणि पेला आधीच भरून ठेवायला लागली. रेकॉर्डरमधला धाकटा 'काका म्हणतात' असं म्हणाला की ती दाराच्या कडीला हात घालायची. बाईंकडे तो आठवड्याने जायचा, आणि त्यांनी विचारलं, "घरी पूर्ण ऐकता ना?" की "हो" म्हणायचा. त्यालाही पास व्हायचं असणार. दारापलीकडची ती पुढची पाच-दहा मिनिटं, जिथे त्याचा त्रास चढून माथ्यावर पोचला असता, थकला असता आणि उतरायला लागला असता, जिथे 'धर' सापडलं असतं आणि त्याचा धरलेला हात सापडला असता, ती मिनिटं त्या घरात कधी वाजलीच नाहीत. ताईने ती रोज पाण्यात बुडवली. पुढे पुढे, रात्री नाही, भर दुपारी दुकानात काचा पुसताना तिला स्वच्छ दिसायचं की पाणी त्याच्यासाठी नव्हतंच. रडणं तिला ऐकवत नव्हतं. तहान तिची होती, पाजलं त्याला.

मग एक दिवस धाकटा म्हणाला, "ताई, मला नाही जमत. मी तिथपर्यंत जातो आणि..." त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती म्हणाली, "जाऊ दे रे. नको जाऊस. काळ हेच औषध." आणि बाईंना फोनही तिनेच केला. "आता तो बराच बरा आहे. झोपतोसुद्धा. तुमचे फार उपकार झाले." धाकटा तिथेच बसला होता, समोर, उजवा हात खिशात. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती. उलट आपली सुटका केल्याबद्दल आभारच होते. ते आभार तिला पुढे कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागले. काळ हेच औषध असतं तर औषधांच्या दुकानांवर घड्याळं टांगली असती. काळाने फक्त धाकट्याचे केस विरळ केले. त्याच्या जुन्या कंपनीच्या ऑफिसात फोन घेणारी एक मुलगी होती, हसरी, तिला हा आवडायचा. ती सहाव्या मजल्यावर राहायची. लिफ्टने जाणं तर शक्यच नव्हतं, आणि जिन्याने गेला तरी जिन्याला लागूनच लिफ्ट, तिची ती घरघर. म्हणून तीच खाली यायची, दोघं फाटकाशी उभी राहून बोलायची. मग ती येईनाशी झाली. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. ताईने दिला मात्र, भरपूर दिला, येईल जाईल त्याच्याजवळ दिला. कुणाला तरी द्यायलाच हवा होता.

"हे बरं, की आधीचं बरं?" तिने काच बदलत विचारलं. "आधीचं," बाई म्हणाल्या. "नाही, थांबा. पुन्हा दाखवा." त्यांनी थांबून, नीट बघून उत्तर दिलं. पास व्हायची घाई नसलेलं असं गिऱ्हाईक महिन्यातून एखादंच मिळतं. मग छापील कागद हातात धरून वाचता वाचता त्यांनी कागद खाली केला. "तुमचा चेहरा ओळखीचा वाटतोय." "सगळ्यांनाच वाटतो," ताई म्हणाली, "चष्म्याआधी." बाई हसल्या, पण बघत राहिल्या. थांबल्या. ते थांबणं ताईला सहन होईना, आणि कुणी विचारलेलं नसताना तिच्या तोंडून गेलं, "माझा भाऊ यायचा तुमच्याकडे. लिफ्टचं काम होतं त्याचं."

"काका," बाई म्हणाल्या. लगेच. इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि त्यांना भावाच्या आधी काका आठवले. "खिडकीत कबुतराचं घरटं होतं. कसे आहेत तुमचे भाऊ?"

"बरा आहे," ताई म्हणाली.

"छान." बाईंनी कागदाची घडी घातली, उघडली. "तुमचा फोन आला होता मला, बरं आहे म्हणून. खरं सांगू? मला तेव्हा जरा शंका आली होती. ते ज्या जागी अडायचे तिथून पुढे जायला नुकतीच सुरुवात झाली होती, तिथे माझ्यासमोर. एवढ्यात बरे? पुन्हा फोन करून विचारायला हवं होतं मी. नवीन होते, कामं होती. राहून गेलं. घरी टेप पूर्ण ऐकायचे ना हो ते?"

इथे ताईने तोंड उघडायला हवं होतं. त्या छोट्या अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या उजेडाच्या पाटीसमोर, ह्याहून चांगली जागा आणि ह्याहून चांगलं माणूस तिला मिळणार नव्हतं. "हो तर," ती म्हणाली. "पूर्ण." आणि चौकट काढून घेताना बाईंच्या कानामागचा केस तिने इतक्या हळुवारपणे सोडवला की बाईंनी मान वळवून बघितलं.

"माझ्या शेजारी एक आहेत," ती चौकट पुसत म्हणाली. "त्यांच्याकडे असंच काहीसं झालं होतं. मध्येच बंद केले उपचार. आता फार उशीर झाला असेल, नाही?"

बाई पुन्हा थांबल्या. "डाग ताजा असताना पटकन जातो, जुना झाला की वेळ घेतो. पण जातो. माझ्याकडे पुष्कळ वर्षांनी आलेले लोकही बरे झालेत. पूर्वीसारखं सोपं नसतं, एवढंच. त्याला म्हणावं, ये. मी अजून तिथेच आहे." 'त्याला' म्हणाल्या, शेजारच्या 'त्यांना' नाही. आणि मग, पर्स उचलता उचलता, "पण घरच्या घरी काही करू नका हं. जुनं उकरून काढायचं आणि अर्ध्यावर थांबायचं, त्यापेक्षा न उकरलेलं बरं. माझ्याकडेच पाठवा." ताईने मान हलवली. "अहो, छे. घरी कशाला." बाहेर मालकांनी बाईंना चौकटी दाखवल्या, त्यांनी एक साधीशी निवडली, पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या. दार बंद झाल्यावर ताई पुन्हा आत आली आणि त्याच खुर्चीत बसली. समोरची मोठी अक्षरं नीट दिसत होती. खालच्या दोन ओळी तिला पाठ होत्या, त्यामुळे दिसतात की नाही हे सांगता येत नव्हतं.

घरी जाताना ती चालतच गेली. संध्याकाळची गर्दी होती, बसथांब्यावर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून रस्त्याकडे डोकावत होती. एका इमारतीच्या दाराशी लिफ्टसाठी चार जण उभे होते, वरचे आकडे बघत, आणि ताईला नेहमीप्रमाणे त्यांचा राग आला, कसे मजेत उभे आहेत म्हणून. राहून गेलं, बाई म्हणाल्या होत्या. त्यांचं एक फोन करायचं राहून गेलं. त्यांच्या एका राहून गेलेल्या गोष्टीने आपला अपराध हलका होतो का, हे ती चालता चालता करून बघत होती. होत नव्हता. उलट आता त्यात बाईंचंही वजन आलं. पुढच्या आठवड्यात चष्मा न्यायला येतील तेव्हा सगळं सांगून टाकू, असं तिने ठरवलं. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात कशाला? एवढी वर्षं त्याला अर्ध्यात ठेवलं, अजून एक आठवडा? आणि असं काय मोठं आहे त्यात, फक्त गप्प बसायचं आहे. बसेन मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसेन, हातपाय बांधून बसेन. घराची कडी वाजवेपर्यंत तिचं ठरलं होतं. घंटा त्यांनी केव्हाच काढून टाकली होती.

धाकटा पुढच्या खोलीत जमिनीवर बसून कुणाचा तरी टेबलपंखा दुरुस्त करत होता. हल्ली हेच काम. तळमजल्यावरच्या ह्या खोलीत लोक पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणून टाकायचे, आणि तो मुख्यतः डाव्या हाताने, सावकाश, सगळं सुरू करून द्यायचा. "आलीस? उशीर केलास. मला वाटलं तुझा मालक तुलाही काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावून गेला." "मला कोण ठेवतंय. शो-पीस का आहे मी?" नेहमीसारखंच सुरू झालं. तिने चपला काढल्या, पिशवी टांगली. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. स्वयंपाकघरात गेली नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"ती बाई आली होती आज दुकानात," ती म्हणाली. "टेपमधली."

पेचकस थांबला. "कशी आहे?"

"म्हातारी झालीये. तुला विचारत होती. काका आठवतात तिला. कबुतरसुद्धा."

धाकट्याने पंख्याच्या जाळीतून बोट फिरवलं. "तिला सांगितलंस का, तू टेप बंद करायचीस ते?"

"मी नाही सांगितलं," ताई म्हणाली, आणि मग एकदम, सगळं एका दमात बाहेर आलं, "माझं चुकलं रे. मी तुला पुढे जाऊच दिलं नाही."

"बंद मी करायचो. कळ मी दाबायचो." तो हे समजूत घालायला म्हणाला. तेच वाईट होतं.

"मला सांगतोस? आत्ता. पहिल्यापासून. मी हलणार नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं. नाही म्हणेल असं तिला वाटलं, आणि क्षणभर, देवा, त्याला नाही म्हणू दे असंही वाटलं. पण त्याने पेचकस खाली ठेवला, पाठ भिंतीला टेकवली आणि शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले. उजवा हात खिशातून बाहेर आला. ताईने दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

"मी मोटारीच्या खोलीत आहे," धाकटा म्हणाला. तेच शब्द, तोच क्रम. फक्त आवाज जाड झालेला. "ग्रीसचा वास येतोय. खिडकीत कबुतराचं घरटं आहे. काका म्हणाले होते त्याला हात लावू नकोस. खाली दार उघडल्याचा आवाज. काका टपावर उतरलेत. बॅटरीचा उजेड हलतोय." त्याच्या कपाळावर घाम आला. ताईच्या पायांनी आपोआप जमीन दाबली, उठायला, आणि तिने त्यांना उठू दिलं नाही. आतल्या खोलीत माठ होता, माठावर पालथा घातलेला पेला होता, आणि तो पेला तिला भिंतीतून दिसत होता. "काका हाक मारतात. मी हात ब्रेकवर ठेवतो. ब्रेक गार आहे. काका म्हणतात..." त्याच्या घशातून तो जुना आवाज यायला लागला, श्वास न घेता येणारा. "काका म्हणतात, सोड."

इतक्या वर्षांत तो शब्द त्या घरात पहिल्यांदा वाजला. ताई हलली नाही. नखं लाकडात रुतली, पण हलली नाही. धाकट्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, छाती भात्यासारखी चालली होती, आणि ती बसून होती, बसून राहिली, आणि तिला वाटलं आपल्याला जमतंय. मग बाई थांबायच्या तशी थांबून, जमेल तेवढ्या शांत आवाजात, तिने विचारलं, "पुढे काय होतं?"

धाकट्याने डोळे उघडले. तिच्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. रडणं तिथल्या तिथे ओसरायला लागलं होतं, अगदी सवयीने, आणि त्याचा उजवा हात पुढे आला होता, बोटं पेल्याएवढी वाकवलेली.

"पुढे?" तो म्हणाला. "पुढे तू येतेस."